मसूदाची सुरंगी

रहिमतुल्ला पेशानं सुतार, पण बहरीनमध्ये, गुदैबियातल्या आमच्या इमारतीत त्याच्या हातचं एकही कपाट धड पूर्ण झालेलं नव्हतं. "उद्या, भाभी, इंशाल्ला," म्हणायचा आणि महिनोन्महिने तोंड चुकवायचा. माझी बायको लीना त्याच्या नावानं खडे फोडायची. मला मात्र त्याला बोल लावणं जमत नसे. आमच्या स्वयंपाकघराची भिंत त्याच्या खोलीला लागून होती आणि शुक्रवारी दुपारी तो गावी पाठवायच्या कॅसेटमध्ये काय बोलतो, ते मला ऐकू यायचं.

गाव रत्नागिरीकडचं. त्याची बायको मसूदा शहाऐंशी साली तिथं बाळंतपणात बाळासकट गेली. रिवाजाप्रमाणे त्याच दिवशी मातीही झाली. हा पोचला तेव्हा डोंगराच्या पायथ्याच्या कबरस्तानात ओल्या मातीचा एक उंचवटा तेवढा उरला होता. त्यांच्यात पक्की कबर बांधायची चाल नाही, म्हणून यानं खुणेला उशाशी सुरंगीचं रोप लावलं. मसूदाला सुरंगीच्या वळेसरांचं, म्हणजे गजऱ्यांचं, भारी वेड. "सुरंगी फुलली का बहरीन खलास, सलीलभाऊ," तो मला सांगायचा. "मंग मी गावात, तिच्या जवल." सुरंगी फुलायला किती वर्षं घेते हे त्याला चांगलं ठाऊक होतं, तरी गडी आपला कायम निघायच्या तयारीत.

शब-ए-बरातला लोक कबरींवर फातिहा पढायला जातात, तर त्याआधी कबरस्तान स्वच्छ हवं. म्हणून दरवर्षी बरातीआधी धाकट्या भावाला, नावेदला त्याची कॅसेट जायची : "मसूदाची कबर साफ कर. गवत बिलकूल दिसता नये." उलट कॅसेट यायची, "भाई, एकदम साफ!" मग रहिमतुल्ला खुशीत आम्हाला खजूर आणून द्यायचा.

पूर्वी सगळा गाव विळे घेऊन ते गवत कापायचा. आता विळा धरणारे हात सगळे आमच्यासारखे आखातात. नावेद एकटा कुठवर कापणार? तो गवत पेटवून द्यायचा.

रहिमतुल्लाला हे कळलं ब्याण्णवच्या रजेत. त्याच्या आधीच्या रजेत सुरंगी गुडघ्याएवढीच दिसली, तेव्हा यानं शेजाऱ्यांच्या शेळ्यांचा उद्धार केला होता. या वेळी परतला तो सुकून. आमच्याकडे चहा घेता घेता म्हणाला, "कबरस्तानातला विस्तव दरसाल डोंगरावर चढतो, भाऊ. ऐन, किंजळ असली झाडं जळतात, बुंध्यातनं फुटतात, वर यायच्या आत परत जळतात. आता वर झाड म्हनून नाय, नुसती झुडपं. आनि गवत. जाळतात तेवढं गवत वाढतं, गवत वाढतं तेवढं परत जाळतात."

"आणि सुरंगी?" लीनानं विचारलं.

"मफी," तो म्हणाला. नाही, संपलं, यासाठी इथला हा अरबी शब्द आम्हा सगळ्यांच्याच तोंडी बसलेला.

ती एकदोनदा फुटली असावी, मग दम संपला. उघड्या डोंगराची माती पावसात खाली येऊन उंचवटेही बुजले होते. नावेद एक जागा दाखवायचा, म्हातारा चुलता दुसरी. "मी दोनी जागी फातिहा पढलो. मंग वाटलं, दोनी चुकीच्या असल्या तर? मंग सगल्या कबरस्तानात पढत हिंडलो." मला नावेदचा राग आला, त्या भाबड्या 'साफ कर'चा आला, आणि समोर बसलेल्या माणसाकडे बघून रडूही आलं. लीना केव्हाच आत निघून गेली होती.

त्यानंतर त्यानं लीनाचं कपाट न सांगता पुरं करून दिलं. बहरीन सोडायची गोष्ट मात्र पुन्हा काढली नाही. एकदा मीच विचारलं, तर म्हणाला, "कोनाजवल जाऊ?"

पुढची बरात जवळ आली. शुक्रवारी दुपारी भिंतीपलीकडे टेपरेकॉर्डरचं बटण दाबल्याचा आवाज आला. मी भांडी विसळायची थांबलो.

"नावेद, औंदा साफ नको करू. गवत वाढूदे, काटे वाढूदे. लोक नावं ठेवतील, ठेवूदे. दरसाल मीच सांगत होतो रे. तिच्या अंगावर आता विस्तव नको."