लाखेची बांगडी आणि इंजिनाचं चाक

त्या दिवसांत मी इतका शिणलो होतो, की देवापुढे हात जोडायचाही कंटाळा यायचा. जयपूरला बदली होऊन वर्ष होत आलं होतं. आईचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे चांगलं होईल असं सगळे म्हणाले, म्हणून तिला अमरावतीहून आणलं. ऑपरेशन झालं. मग कित्येक दिवस डोळ्यावर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून ती बिचारी निजून होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, "उद्या संध्याकाळी घरी न्या. पण डोक्याला हादरा बसता कामा नये. टाका सुटला तर हाही डोळा जाईल."

टांग्याचा प्रश्नच नव्हता. माझी जुनी मोटार होती, पण ती टांग्याहून वाईट थरथरायची. इंजिनाच्या दांड्याच्या तोंडाशी एक जड चाक असतं, त्याला डँपर म्हणतात. आत लोखंडी गाभा, बाहेर लोखंडी कडं, मध्ये रबर. इंजिनाची थरथर ते आपल्या अंगावर घेतं. आमच्या चाकाचं रबर सुटलं होतं. मेकॅनिकने जुनं काढलं, नवं आणून दिलं आणि भाचीच्या लग्नाला गावी निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "साहब, ठोकना मत, रबर फट जाएगा."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी अंगणात गाडीपुढे बसलो. चाक दांड्याच्या टोकाशी येऊन अडायचं. बोल्टने ओढून घ्यावं, तर बोल्ट आतल्या आट्यांपर्यंत पोचेना. तेल लावून झालं, दत्तगुरूंचं नाव घेऊन झालं, शिव्याही देऊन झाल्या. दुपारी हातोडा उचलला. ठोकावं तर रबर फाटणार, न ठोकावं तर आईला न्यायचं कशातून? हात वरच राहिला. हातोडा खाली ठेवला आणि म्हटलं, "महाराज, मी हात टेकले. आता तुम्हीच बघा." त्यात भक्ती फार नव्हती, नुसता थकवा होता.

थोड्या वेळाने फाटकाशी हाक आली, "लाख की चूड़ियाँ!" सिविल लाइन्सच्या आमच्या कोपऱ्याला बांगडीवाली कधी फिरकत नसे. आमची ही म्हणाली, सासूबाई घरी आल्याशिवाय मी बांगड्या भरणार नाही. पण म्हातारी शेगडी घेऊन पायरीवर बसलीच. "सास आएगी तो सूने हाथ देखेगी क्या?" यावर हिने हात पुढे केला. लाल बांगडी पंजाशी अडली. ही जोर करून दाबायला लागली तशी म्हातारीने तिचा हात धरला. "ज़ोर मत करो, बाईसा. गरम होने दो, अपने आप चढ़ जाएगी." तिने बांगडी निखाऱ्यावर जरा धरली, आणि ती अलगद मनगटात उतरली.

मी तसाच उठलो. आंघोळीच्या पाण्याचं पातेलं चुलीवर चढवलं आणि उकळत्या पाण्यात ते चाक सोडलं. चांगलं तापल्यावर जाड फडक्यात धरून बाहेर काढलं, त्याची खाच दांड्यावरच्या चावीसमोर, म्हणजे तिथल्या लोखंडी पाचरीसमोर धरली आणि लोटलं. चाक आत गेलं. बोल्टने आटे धरले, पान्याने हळूहळू घट्ट केलं. मला रडू आलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

ती बाई कुणी अवतार होती असं मी म्हणणार नाही. पुढे ती दर वर्षी तीजेच्या सणाला आमच्याकडे यायची. त्या दिवशी इकडे कशी वळलीस, असं एकदा विचारलं, तर हसून म्हणाली, "रास्ता भूल गई थी."

संध्याकाळी हिने आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि मी गाडी हळू हाकली. निम्मा रस्ता संपल्यावर आईने मागून विचारलं, "गाडी कधी सुरू करतोस रे?"

पुढे पट्टी सुटली तेव्हा आई नुसती डोळा मिचकावत राहिली. आमचा जीव टांगणीला लागला. मग ती हिच्या हाताकडे बघत म्हणाली, "सूनबाई, या लाल बांगड्या कधी भरल्यास?"

थकवा मला अजूनही येतो. पण आता हातोडा जरा लवकर खाली ठेवतो.