सासऱ्यांच्या फोनला लागलेलं कुलूप

आमच्या खालापूरच्या ऑफिसात चहाच्या वेळी एकच विषय चाललेला असायचा, सरकारनं मुलांसाठी इंटरनेटला कुंपण घालावं की नाही. सगळ्यांत मोठा आवाज माझा. कायदा हवा, वय तपासायला हवं, कंपन्यांना दंड हवा. माझं मत आजही तेच आहे. पण घरचं पहिलं कुंपण मी घातलं ते चक्क सासऱ्यांभोवती.

झालं असं, की चौक गावच्या दुकानातून एकसारखे दोन फोन घेतले. एक सासऱ्यांना, एक बारा वर्षांच्या लेकीला. "ताई, दोन्ही सेम टू सेम हायेत, कायपण फरक नाय," दुकानदारानं खात्री दिली आणि तिथंच माझा घोळ झाला. कर्जतला घरी येऊन मी मोठ्या तोऱ्यात, लेकीचा समजून सासऱ्यांच्याच फोनला मुलांसाठीचं कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सासरे स्वयंपाकघराच्या दारात उभे. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस, परवानगी देण्याची सवय, मागण्याची नाही.

"सूनबाई, फोन म्हणतोय पालकांना विचारा. मला कुस्ती बघायचीय."

हसून हसून मी ओट्याला टेकले. लेक तर लोळायचीच बाकी होती. मी चूक दुरुस्त करायला गेले, तर त्यांनी फोन मागे घेतला. "तिलाही लाव, पण माझंही राहू दे. वर्गात एकटीलाच शिक्षा नको."

त्या दिवसापासून माझ्या घरात दोन मुलं झाली. फोनची वेळ अर्धा तास वाढवून दे म्हणून दोघं जोडीनं यायची आणि नाही म्हटलं की गॅलरीत बसून माझी यथेच्छ निंदा करायची. मला सगळं ऐकू यायचं. रागही यायचा, पण खरं सांगायचं तर फार मजा वाटायची.

एका रविवारी दुपारी दोघं पुन्हा आली. या वेळी लेकीनं आजोबांचा हात घट्ट धरला होता. गेम खेळताना कुणीतरी तिच्याकडे शाळेच्या गणवेशातला फोटो मागितला होता, वर 'आईला सांगू नकोस' असंही लिहिलं होतं. कुलूप असूनही तो माणूस तिच्यापर्यंत पोचला होता. तिनं फोटो पाठवला नव्हता. आजोबांना सांगितलं होतं.

माझं डोकंच फिरलं. "आण तो फोन इकडे!" लेकीनं मुकाट्यानं दिला. तिचे डोळे भरून आले होते.

"परत दे तिला," सासरे म्हणाले. "सांगितलं म्हणून फोन गेला, तर पुढच्या वेळी ती सांगेल का?"

मग आम्ही तिघांनी बसून त्या माणसाला ब्लॉक केलं, त्याचे मेसेज जपून ठेवले, तक्रार लिहिली. हेडमास्तरांनी तक्रारीचा मजकूर तीनदा सुधारला. फोन मी लेकीच्या हातात ठेवला. पण एक गोष्ट मनात खुपत होती, ती विचारलीच. "मला का नाही गं सांगितलंस आधी?"

"आई, तू आधी ओरडतेस आणि मग ऐकतेस."

मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तिच्याशेजारी जमिनीवर बसले. "बोल," म्हटलं. ती आधी बिचकत बोलली, मग सुटलीच. गेममधलं, शाळेतलं, मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचं, सगळं. दिवेलागणीपर्यंत ती बोलत होती, आणि मला इतका आनंद झाला होता की मध्ये एक शब्दही बोलावासा वाटला नाही.