लाल काठाची पट्टी

देहावर विजय मिळवणारा माणूसच खरा स्वतंत्र होय. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका कापसाच्या वखारीत हे वाक्य गेरूने भिंतीवर लिहिले होते. त्याच्या खाली पहाटे सहा वाजता आम्ही आठ-दहा लठ्ठ माणसे लंगोट नेसून पडलेली असू, आणि मिलचा भोंगा झाला की सरकीच्या वासात एकमेकांच्या घामाचा वास मिसळू लागे.

मी तिथे हौसेने गेलो नव्हतो. शाळेत सहा वर्षे हंगामी मास्तर म्हणून काढल्यावर मला कायम करायचे ठरले, तेव्हा तब्येतीचा दाखला लागला. डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली, मला जिना दोनदा चढायला लावला, आणि मग वजनाच्या यंत्रावर उभे केले. "वीस पौंड उतरवा. तीन महिने देतो," ते म्हणाले. "नाही उतरले तर मी सही करणार नाही. तुमच्या जागेसाठी दुसऱ्या एकाचा अर्ज आलेला आहेच." वीस पौंड म्हणजे दहा शेर. एवढे एका माणसातून काढायचे म्हणजे कुठून सुरुवात करावी, हे मला कळेना.

ते वखारीतल्या बुवांना कळत होते. बुवा स्वतःला योगाचार्य म्हणवीत. त्यांचे पोट माझ्यापेक्षा मोठे होते, पण ते प्राणाने भरलेले असून आमचे अन्नाने भरलेले आहे, असा खुलासा ते पहिल्याच दिवशी करीत. बोलताना दर दोन वाक्यांनी ढेकर देत आणि त्याला ऊर्ध्ववायू म्हणत. वखारीचा मालक त्यांचा शिष्य, म्हणून जागा फुकट. कापूस तोलायचा मोठा काटा तिथेच टांगलेला, त्यामुळे आमचे तपही मोजता येई.

बुवांच्या जोडीला मिलमधले एक विणाई मास्तर होते. ते जर्मनीत राहून आले होते आणि तिकडची एक कसरत घेऊन आले होते. सतरंजीवर उताणे पडायचे, पाय वीतभर उचलून धरायचे, बेंबी पाठीच्या कण्याला चिकटवायची आणि हात खालीवर आपटीत शंभरपर्यंत श्वास मोजायचे. मोजणी जर्मनमध्ये चाले. जुन्या मागाच्या स्प्रिंगा लावून त्यांनी एक खाटही केली होती. तिच्यावर पडून पायांनी स्प्रिंगा ताणायच्या. स्प्रिंगांना मागाचे काळे तेल तसेच होते. ते पोटऱ्यांवरून ओघळत गुडघ्याच्या खळगीत साचे, आणि पुढच्या माणसाने त्याच स्प्रिंगांवर आपले पाय ठेवायचे. बुवा आणि विणाई मास्तर यांच्यात एकाच गोष्टीवर मतैक्य होते. सतरंजी धुवायची नाही. बुवांच्या मते त्यामुळे तिच्यातले तेज जाते, आणि विणाई मास्तरांच्या मते रंग.

माझ्या शेजारी एक वकील पडत. गृहस्थ विद्वान, पण तोंडात जाफरानी तंबाखूचे पान आसनांच्या वेळीही असे. सर्वांगासनात पाय वर गेले की तोंडातला रस ओठांच्या कडेने कानाकडे निघे, आणि ते तो जोराने परत ओढून घेत. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

पहिल्या दिवशी वखारीच्या तोलाराने मला काट्यावर उभे केले आणि ओरडून सांगितले, "अडीच मण!" म्हणजे शंभर शेर. महिन्याने आसने आटोपून मी तसाच कोट चढवून काट्यावर गेलो. तोलाराने वजने ठेवली, ओठांत काही पुटपुटला आणि म्हणाला, "सत्त्याण्णव शेर." दुसऱ्या महिन्याला त्र्याण्णव. तिसऱ्या महिन्याला बरोबर नव्वद.

घरी या बातमीचा परिणाम व्हायचा तो झाला. "इतकं उतरलंय तर घ्या की एक भाकरी आणखी," असे म्हणून पत्नी शेंगाचटणीवर तेलाची धार धरी. ती एकदाच म्हणाली, "अहो, वजन उतरलं म्हणता, मग कोटाचं बटण का लागत नाही?"

"कापड आटलं असेल धुण्यात."

"कोट धुतला कधी?"

धोतर नेसणाऱ्या माणसाला स्वतःची कंबर कधी कळतच नाही. धोतर सगळ्यांना पुरते.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी वखारीत सभा झाली. नारळ फुटला. बुवांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि या गृहस्थाने दहा शेर देहाभिमान अग्नीत टाकला आहे, असे जाहीर केले. हार काढून मी तडक डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी यंत्राची सुई पाहिली, कागद पाहिला, पुन्हा सुई पाहिली. "दोन पौंड वाढलंय," ते म्हणाले.

मी वखारीत परत गेलो. तोलार पोत्यावर बसून तंबाखू मळत होता. मी त्याला विचारले की नव्वद शेर आले कसे.

"हिशेब चोख हाय की, मास्तर," तो म्हणाला. "पयल्यांदा माल येतो तवा कच्चं वजन घ्यायचं. मागनं पक्कं. पक्क्यात बारदान वजा. तुमी कोट-धोतर घालून हुबं राहता, मग ते बारदान न्हाय व्हय? तीन शेर."

"आणि पुढच्या महिन्याला?"

"पाऊस लागला. तुमी घामानं चिंब, वर हवा ओली. वल्ल्या मालाला चार शेर कडता कापायचा. रीत हाय ती."

"आणि परवाचे तीन शेर?"

"कचरा."

"माझ्यात कसला कचरा?"

"समद्याच मालात असतोय, मास्तर," तो सहानुभूतीने म्हणाला. "तुमच्यात लई न्हाय."

त्याने मला फसवले नव्हते. आयुष्यभर काट्यावर जे आले ते त्याने या रीतीने तोलले होते, आणि मी काट्यावर गेलो होतो. डॉक्टरांनी हे ऐकून एकदाच खोकल्यासारखे केले आणि मला शेवटचा महिना दिला. त्यानंतर दुसऱ्याचा अर्ज.

बुवा डगमगले नाहीत. "शुद्धिक्रिया राहिली," ते म्हणाले. "धौती टाळलीत. हे त्याचं फळ."

खरेच टाळली होती. धौती म्हणजे चार बोटे रुंद, पंधरा हात लांब मलमलीची पट्टी मिठाच्या कोमट पाण्यात भिजवून हळूहळू गिळायची, पोटात घोळवायची आणि मग ओढून बाहेर काढायची. वखारीत दोरीवर अशा पट्ट्या वाळत असत, आणि तीन महिने मी त्यांच्याकडे पाठ करून शीर्षासन केले होते. आता जागेचा प्रश्न होता. घरात दोन मुली होत्या. मी होकार दिला.

पट्ट्या पेठेतलाच एक तेलुगू विणकर विणून देई. त्याला बिनकाठाची पट्टी सांगितली, तर तो ऐकेना. "किनार नाही तर कपडा काय? चिंधी," तो म्हणाला. म्हणून सगळ्या पट्ट्यांना बारीक रंगीत काठ असे, आणि त्यामुळे ज्याची त्याला ओळखता येई. वकिलांची लाल, माझी हिरवी.

पहिल्या दिवशी एक हात गेली. मी तितकीच परत दिली, वर रात्रीचे जेवण दिले. दुसऱ्या दिवशी दीड हात. घशात ओल्या कापडाचा स्पर्श कसा असतो ते लिहिणार नाही. ज्यांना ते माहीत नाही त्यांनी माहीत करून घेऊ नये. आठव्या दिवशी बुवांनी हातात दिलेले टोक धरून, डोळे मिटून, पाण्याचे घोट घेत मी चार हात पट्टी आत घालवली. बुवा "शाबास, शाबास" म्हणत होते. आज तिला नेहमीच्या मिठाखेरीज आणखी एक चव होती. ती ओळखीची वाटली, पण नाव आठवेना. मग आठवले. जाफरानी तंबाखू.

मी डोळे उघडले. तोंडातून लोंबणाऱ्या पट्टीचा काठ लाल होता.

मी दोन्ही हातांनी ती धरली. "ओढू नका!" बुवा किंचाळले. "घसा सोलून निघेल! हळू, बोटाबोटानं! श्वास मोजा!" मग मी श्वास मोजले. विणाई मास्तरांनी शिकवलेली जर्मन मोजणी त्या एकाच दिवशी उपयोगी पडली. दुसऱ्याच्या पोटाचा फडका माझ्या पोटातून बोटाबोटाने बाहेर येत होता, पिवळट, बुळबुळीत, आणि समोर वकील मांडी घालून बसले होते. शेवटचे टोक सुटले तेव्हा मी तिथेच सतरंजीवर वाकलो. सतरंजीचे तेज कमी झाले असावे.

त्या दिवसापासून मला अन्न जाईना. शेवया तर नकोतच. ताकातली साय दिसली की उठावे लागे. भाकरीचा कडेला भाजून तांबूस झालेला भाग पाहिला की मी ताट सारी. पत्नी वाढायला येई तेव्हा तिच्या लुगड्याचा लाल काठ डोळ्यांसमोर हले आणि मी भिंतीकडे तोंड करून बसे. मी एकदा सगळे सांगून टाकले. ती बराच वेळ पदर तोंडावर धरून बसली. हसत होती की काय, कळले नाही. दुसऱ्या दिवशी ती हिरव्या काठाचे लुगडे नेसून आली.

"हे तरी चालेल ना?"

ते जास्त वाईट होते. हिरवी पट्टी माझी, आणि मी लाल गिळीत असताना ती कुठे होती हे मला माहीत होते.

उरलेला महिना मी पेजेवर आणि डाळिंबाच्या दाण्यांवर काढला. वखारीत पाऊल टाकले नाही. कोटाचे बटण लागले, मग कोट लोंबू लागला. डॉक्टरांच्या यंत्राची सुई पाहिजे होती त्याच्याही तीन पौंड खाली थांबली. त्यांनी सही केली आणि विचारले, "काय केलंत?" मी कोटाची बटणे लावीत राहिलो, तेव्हा त्यांनी स्वतःच शेऱ्यात लिहिले, नियमित योगाभ्यास. तो कागद शाळेत दाखल झाला, मी कायम झालो, आणि बुवांनी माझे उदाहरण गेरूने भिंतीवर लिहवून घेतले.

पुढे एकदा कोर्टाच्या फाटकापाशी वकील भेटले. माझ्याभोवती एक फेरी मारून त्यांनी मला नीट पाहिले.

"मास्तर, कमाल केलीत. आम्ही तीन वर्षं धौती करतोय, अजून शेरभर उतरलं नाही. तुम्ही असं काय वेगळं केलंत?"

मी म्हणालो, "काही नाही. डोळे उघडे ठेवले."

त्यांना ते अध्यात्म वाटले. त्यांनी हात जोडले आणि पानाचा रस आत ओढून घेतला. मी त्यांची लाल पट्टी गिळली त्या सकाळी माझी हिरव्या काठाची पट्टी त्यांनी डोळे मिटून पंधराच्या पंधरा हात गिळली होती, आणि आज विशेष हलके वाटते, असे म्हणून ते घरी जेवायला गेले होते.