देवकाच्या खोलीला कुलूप नव्हतं

विम्याच्या कागदात चोर कसा असावा हे आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्याने कुलूप तोडलं पाहिजे, कडी उचकटली पाहिजे, निदान खिडकीची काच तरी फोडली पाहिजे, आणि जाताना त्याची खूण मागे सोडली पाहिजे. माझा चोर पाहुण्यासारखा उघड्या दारातून आत गेला आणि माझी बॅग खांद्याला अडकवून बाहेर पडला. त्यामुळे कंपनीच्या हिशेबी माझ्याकडे चोरी झालेलीच नाही. हे लिहितानासुद्धा माझे कान तापतात.

मी अमरावतीत लग्नांचे फोटो काढते. सुरुवातीला मी कॅमेरा घेऊन मांडवात शिरले की लोक विचारायचे, "फोटोवाले सर कुठं हायेत?" आता विचारत नाहीत. हळद, मेंदी, नवरीची तयारी, सगळीकडे मला मुक्त प्रवेश असतो, आणि तेवढ्यासाठीच मला अकोल्यापासून वर्ध्यापर्यंत बोलावणी येतात. माझ्याकडे दोन कॅमेरे होते. एक गळ्यात, दुसरा लांबच्या लेन्ससकट बॅगेत. लग्नाला एका कॅमेऱ्यावर जाणारा फोटोग्राफर एकतर नवखा असतो नाहीतर बिनडोक. ऐन वेळी कॅमेरा बंद पडला तर नवरा-नवरीला पुन्हा हार घालायला सांगता येत नाही.

दुसरा कॅमेरा घेतला त्याच आठवड्यात मी विमा उतरवला. एजंट आमच्याच गल्लीतला, त्याच्या मुलीचं बारसं मीच काढलेलं. "चोरी, पडझड, पाणी, आग, सारं कव्हर हाय ताई," तो म्हणाला. "तुमी फकस्त फोटो काढा. बाकी मी हाओ." दरवर्षी विजेच्या बिलाच्या आधी मी त्याचा हप्ता भरला. कुलुपाबद्दल तो एका शब्दाने बोलला नव्हता. ते मागच्या पानावर होतं, मुंगीएवढ्या अक्षरात.

चोरी झाली ती अकोल्याच्या लग्नात. मुलीकडचे फुलशेती करणारे. त्यांनी मांडवाच्या माळा विकत आणल्या नव्हत्या, स्वतःच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती टोपल्या भरभरून आणली होती. कार्यालयातल्या कोपऱ्यातल्या खोलीत त्यांनी देवक बसवलं होतं, पुढे शेवंती पसरून दिवा लावला होता. आमच्याकडे देवक बसलेल्या खोलीला कुलूप घालत नाहीत. देवाला कोंडायचं कसं? दार उघडं असतं, दिवा विझू नये म्हणून घरातलं कुणीतरी शेजारी बसलेलं असतं. म्हणून वऱ्हाडातले आम्ही सगळे फोटोग्राफर बॅग ठेवायला तीच खोली धरतो. स्टेजमागे ठेवलं तर केटररची माणसं तुडवतात, गाडीत ठेवलं तर ऊन लागतं. देवकापाशी राखण आपोआप होते.

त्या दिवशी दिव्यापाशी नवरीची आत्या बसली होती. चांदूर बाजारची, तिथल्या बाजारात भाजी विकणारी, उन्हाने रापलेली धिप्पाड बाई. मी बॅग ठेवली तशी तिने ती ओढून आपल्या गुडघ्याशी घेतली. "ठेव माय इथंच," ती म्हणाली. "मी काय उठून नाई राहिली." तेलाची बाटली, वातींची डबी आणि माझी बॅग अशी तिने ओळीने मांडली. सकाळपासून तिथे होती. चहासुद्धा तिने तिथेच मागवला.

मंगलाष्टकं सुरू व्हायची वेळ झाली. अंतरपाटाआड उभ्या नवरीने आईला विचारलं, आत्या कुठे आहे? आई तशीच मागे गेली आणि नणंदेला हाताला धरून घेऊन आली. सगळं कार्यालय मांडवात गोळा झालं होतं. तेवढा वेळ चोराला पुरला. त्याला लग्नाची वेळापत्रकं पाठ असणार, मेल्याला. मी फ्लॅशची बॅटरी बदलायला गेले तर दिवा शांत जळत होता, शेवंती तशीच पसरलेली, आणि बॅगेच्या जागी मोकळी फरशी.

पोलिसांनी तक्रार घेतली ती 'गहाळ' म्हणून. मी म्हटलं, साहेब, गहाळ कशी, बॅगेला पाय फुटले काय? ते म्हणाले, चोरी लिहायची तर संशय कोणावर ते सांगा. माझा कोणावर संशय नव्हता. मग गहाळ.

विमा कंपनीने नागपूरहून सर्व्हेअर पाठवला. मी त्याच्यासोबत पुन्हा अकोल्याला गेले. त्याने मोबाइलवर त्या दाराचे फोटो काढले, तेही उजेडाकडे तोंड करून, सगळे काळे. मला ते बघवेना. मग त्याने विचारलं, "कुलूप का नव्हतं?"

"देवक बसलं होतं."

"ते बरोबर आहे हो. पण रिपोर्टमध्ये मी काय लिहू?"

"तुमच्या लग्नात देवक बसवलं होतं ना?" मी विचारलं. "कुलूप घातलं होतं?"

तो हसला आणि त्याने विषय बदलला. खोलीत कोण होतं, हे त्याला हवं होतं. कोणी नव्हतं म्हणावं तर सामान बेवारस सोडलं, क्लेम बाद. आत्याबाई होती म्हणावं तर सामान तिच्या हवाली केलं होतं, तिने सांभाळलं नाही, तरी क्लेम बादच. दोन्ही दारं त्यांनी आधीच बंद करून ठेवली होती, आणि कुलूप मात्र मला मागत होते. मी हे त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मी फक्त पाहणी करतो." सगळेच फक्त काहीतरी करत असतात. हप्ता घेताना मात्र पूर्ण घेतात.

तोवर लग्नसराई भरात आली होती. मी दुसरा कॅमेरा भाड्याने आणत होते, आणि भाड्याचा कॅमेरा म्हणजे दुसऱ्याचा चष्मा, दिसतं पण डोकं दुखतं. मोझरीजवळचं एक मोठं काम कॅमेरा मिळाला नाही म्हणून सोडावं लागलं. क्लेम आला नाही तर पुढच्या सीझनला मी लग्नं घेऊ शकणार नव्हते. मग स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटो.

एजंटकडे उपाय तयार होते. पहिला, कडी वाकवून तिचा फोटो जोडायचा. मी साफ नाही म्हटलं. मग तो खुर्ची पुढे ओढून दुसऱ्यावर आला. "ताई, त्या बुढीवर संशय हाय असं ठाण्यात लिहून द्या. मंग ते गहाळ काढून चोरी लावतात. चोरी लागली की वरच्या साहेबाले सांगून फाइल मी पुढं सरकवतो. तिले एखाद बार बोलावतीन, जबाब घेतीन, सोडून देतीन. तिले काय फासावर देऊन राहिले काय?"

त्याच्या तोंडावर मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या मुलीच्या बारशाच्या फोटोंचासुद्धा उद्धार केला. तो म्हणाला, "बघा बुवा, मी तुमच्याच भल्याचं सांगून राहिलो." संताप मला त्याच्या सल्ल्याचा आला, त्याहून जास्त त्याच्या शांतपणाचा आला. एका बाईच्या नावाला काळं फासायचं, आणि सांगतोय असा, की जणू आधार कार्डाची झेरॉक्स जोडायची आहे.

पुढच्या आठवड्यात आत्याबाई माझ्या स्टुडिओत आली. चांदूर बाजारहून एसटीने, एकटीच. मेथीची पिशवी टेबलावर ठेवली आणि बसण्याआधीच म्हणाली, "मायं नाव लिहून दे पोरी."

"कशात?"

"ठाण्यात. त्या विम्यावाल्याचा फोन आल्ता भावाच्या घरी. मायं नाव लिहलं तं तुले पैसे भेटते म्हणे. लिही ना मंग. मले काय होते? मी बाजारात बसणारी बाई. तुयं तं सारं पोट त्याच्यावर हाय."

त्याने परस्पर तिच्या भावाला, म्हणजे नवरीच्या वडिलांना, फोन केला होता! माझं डोकं असं फिरलं की मी तिच्यावरच ओरडले. नाव लिही म्हणजे काय, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं, चोरी तुम्ही केली का? तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "एवढी चिल्लावतं काहून व? मी का बहिरी हाओ?"

मी तिच्यासमोरच एजंटला फोन लावला. क्लेम मागे घेते, फाइल बंद करा, आणि पुन्हा त्या घरी फोन केला तर तुमच्याच नावाने तक्रार देईन. "तुमचंच नुकसान हाय ताई," तो म्हणाला. मी म्हटलं, "माझं नुकसान चोराने केलं. तिचं तुम्ही करून राहिले." आणि फोन आपटला. मोबाइल आपटताही येत नाही धड, खुर्चीच्या गादीवर पडला. त्याचाही राग आला.

आत्याबाई आता खुर्चीवर टेकली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी पाणी दिलं ते तिने तसंच ठेवलं.

"त्या टायमाचा फोटो हाय काय तुयापाशी?" तिने विचारलं. "अक्षता टाकतानीचा. मी हाओ त्याच्यात?"

मी संगणकावर अकोल्याचं लग्न उघडलं. एका फोटोत ती होती. स्टेजच्या कडेला, हात वर, अक्षता हवेत, तोंडभर हसू आणि गालावर पाणी. त्या लग्नातला माझा सगळ्यात चांगला फोटो तोच. ती पुढे वाकून बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता खुलेल.

"इथं टाइम लिहून येते ना?" तिने स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "टाइम दिसंन असा काढून दे."

मी छापून दिला. तिने तो पिशवीत घातला नाही, दोन्ही हातांनी धरला. कोणाला दाखवायचा आहे, मी विचारलं.

"भावाले," ती म्हणाली. "तो काई म्हणत नाई. पण लगनाच्या दिवसापासून त्याच्या घरी मी गेली की वहिनी कपाटाले चाबी लावते."