टाइलच्या काठावरचं पोड

नकाशांनी आमच्या ऑफिसची हार्ड डिस्क भरते आणि किस्स्यांनी डोकं. डिस्क मधूनमधून रिकामी करता येते, डोक्याचं काय करणार? म्हणून तुम्हाला पकडलंय.

आम्ही पांढरकवड्यात बसून अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांसाठी नकाशे बनवतो. जंगलात रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच टॅबमध्ये भरून द्यायचा. पहिल्यांदा आम्ही उत्साहात अख्खा जिल्हा एकाच फाइलमध्ये दिला. संध्याकाळी ड्रायव्हर सलीमभाई टॅब घेऊन परत आले.

"चहा झाला, खर्रा झाला, घाटंजीले जाऊन आलो. तुमचा जिल्हा अजून उघडूनच राह्यला!"

*

मग नकाशाचे चौकोनी तुकडे, म्हणजे टाइल्स पाडायचं ठरलं. आम्ही ते इतके बारीक पाडले की दर वळणावर नवी टाइल उघडायची. सलीमभाई पुन्हा हजर!

"मी गाडी चालवू का पत्ते पिसू?"

*

टाइल्स मोठ्या केल्या. जागा वाचवायला, नुसतं जंगल असलेल्या टाइल्स आम्ही 'रिकाम्या' म्हणून उडवल्या आणि एकमेकांची पाठ थोपटली. दोन दिवसांनी सलीमभाईंचा फोन आला.

"ज्या टाइलले तुम्ही रिकामी म्हणता ना, तिच्यात मले वाघ भेटला!"

त्या टाइल्स त्याच दिवशी परत आल्या.

*

टाइलच्या रेघा आखते आमची सुनीता. तिचं माहेर म्हणजे जंगलातलं कोलामांचं पोड, मोजक्या घरांची वस्ती. एकदा रेघ नेमकी पोडातूनच गेली. घरं एका टाइलमध्ये, हातपंप दुसरीत!

"माझ्या मायनं पाण्याले दुसऱ्या टाइलमधी जावं का?"

आम्ही हसलो, ती हसली नाही. तिचं पहिलं बाळंतपण तिथेच व्हायचं होतं. अडीअडचणीला गाडी पोडापर्यंत पोचायला हवी होती. तिनं रेघ उचलली आणि नाल्यावर नेऊन ठेवली.

*

पण आता नाल्यावरचा रपटा, म्हणजे गाडी पलीकडे न्यायचा बुटका पूल, नेमका रेघेवर आला. सुनीता म्हणाली, टाइल्स कडेला एकमेकींवर थोड्या चढवू. रपटा दोन्हीत दिसेल, ड्रायव्हर तिथे अडणार नाही. आमचं काम तपासणारे पुण्याचे सर कॉलवर होते.

"एकच गोष्ट दोन टाइल्समध्ये कशाला? फाइल फुगते. एकीतून काढा!"

"सर, ब्लाउज शिवतानी माया सोडतोच ना आपण?"

शिवणकामापुढे सरांनी फाइल फुगू दिली. टाइल्स चढवल्या.

*

सुनीता माहेरी गेली. एका दुपारी तिच्या भावानं टेकडीवर चढून फोन लावला, "गाडी पाठवा!" सलीमभाई नर्सताईंना घेऊन निघाले आणि नाल्याच्या अलीकडेच त्यांची रेंज गेली.

ऑफिसात कोणी काम करेना. मला खरंच भीती वाटत होती. गाडी चुकली तर ती आमच्या नकाशानं चुकणार होती. पुण्याचे सरसुद्धा कॉल बंद करायला तयार नव्हते.

शेवटी सलीमभाईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"पोट्टी झाली, भाऊ! दवाखान्यापर्यंत थांबलीच नाही, येतानी रपट्यावरच झाली. मायलेकी मजेत हायेत!"

आम्ही इतके ओरडलो की खालचा चहावाला वर आला. सरांनी घसा साफ केला.

"रपटा म्हणजे तोच का? दोन्ही टाइल्समधला?"

गाडीच्या मागून सुनीताचा थकलेला आवाज आला.

"हो, सर. आता एकीतूनबी काढाचा नाही!"