मासा कुठे राहतो?

या फजितीचा किस्सा सांगायला मी आधी तयार नव्हतो. पण आता रत्नागिरीत तो माझ्याशिवाय सगळेच सांगतात, आणि प्रत्येक जण त्यात पदरची दोन वाक्यं घालतो. तेव्हा म्हटलं, निदान मूळ प्रत तरी माझ्याकडून जाऊ दे. चहा घ्या आणि ऐका. ऐकण्याचाच किस्सा आहे.

माझे कान गेले. डॉक्टर म्हणाले वयामुळे. माझं मत विचाराल तर जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभांमुळे. इतकी वर्षं तो गोंगाट ऐकल्यावर कानांनी राजीनामा दिला तर त्यांचं काय चुकलं?

पण वार्ताहराला ऐकू येत नाही, हे कुणाला सांगायची सोय आहे का? आमच्या आवृत्तीला नवे संपादक आले होते, वयाने माझ्या मुलीएवढे. येता-जाता मला म्हणायचे, "काका, आता उन्हातान्हात फिरण्यापेक्षा बसून काम करा ना. वाचकांचा पत्रव्यवहार बघा." पत्रव्यवहार! ज्या माणसाने तीन कलेक्टरांशी भांडणं केली, त्याने 'आमच्या गल्लीतले दिवे बंद आहेत' या पत्रातलं शुद्धलेखन तपासायचं? मी ठरवलं, कान गेले तरी ही बातमी फुटू द्यायची नाही.

पुण्याच्या मुलीने यंत्र आणून दिलं. दोन्ही कानांत एकेक बोंडूक, केसांच्या आड लपणारं. आणि त्याच्या जोडीला वेगळा एक छोटा माईक, काडेपेटीहून थोडा मोठा. हा माईक बोलणाऱ्याच्या पुढ्यात ठेवायचा. तो बोलेल ते हवेतून थेट माझ्या कानात. मधल्या खुर्च्या, पंखे, खोकणारी माणसं, सगळं बाद.

आता गंमत बघा. पत्रकार परिषदेत साहेबांच्या टेबलावर सगळ्यांचे टेपरेकॉर्डर मांडलेले असतात. त्या रांगेत माझा माईक ठेवला की तो टेपरेकॉर्डरच वाटायचा. कुणाला शंका आली नाही. उलट शेजारच्या पेपरचा खानविलकर म्हणाला, "काका, एवढुसा टेप? तुमची प्रगती आहे हां."

वर्षभर झकास चाललं. मग त्या माईकची बॅटरी अंगचोरपणा करायला लागली. रात्रभर चार्ज करा, आणि साहेबांचं प्रास्ताविक संपता संपता ती झोपणार. बदलावी म्हणून खोक्यावर बघितलं. लिहिलं होतं, 'तक्रारीसाठी दूरध्वनी करा.' बहिऱ्यांच्या यंत्राची तक्रार फोनवर घ्यायची, ही कल्पना ज्या सद्गृहस्थाला सुचली त्याची मुलाखत घ्यायची माझी फार इच्छा आहे. शेवटी आमच्या हिने फोन केला. पलीकडून उत्तर आलं, बॅटरी आतच बसवलेली असते, ती बदलत नाहीत, नवीन माईक घ्या.

"म्हणजे सेल संपला तर टॉर्च फेकून द्यायचा?" मी ओरडलो.

"माझ्यावर कशाला ओरडताय?" ही म्हणाली. "मी काय कंपनी आहे?"

मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीत शेट्ये म्हणून एक जण आहे. मच्छीमारांच्या बोटींवरचे वायरलेस संच दुरुस्त करतो. ही म्हणाली, "मी येते बरोबर." मी म्हणालो, "मला काय सोबत लागते का?" आणि एकटाच गेलो. इथे खरी चूक झाली.

शेट्येने माईक उघडला. तपासायला म्हणून कानातली बोंडकंही मागून घेतली. कॉर्डलेस फोनची बॅटरी कापून-जोडून त्याने आत बसवली आणि हात चालू असताना तोंडही चालू ठेवलं. बराच वेळ काहीतरी समजावत होता. मधेच बोटाने कानातल्या यंत्रावरची बारीक कळ दाखवली, खिडकीबाहेर कुठेतरी हात केला. मी मान हलवत होतो. हो, हो.

ही मान हलवायची सवय ज्याला ऐकू येत नाही त्यालाच समजेल. एकदा विचारतो, "काय म्हणालात?" दुसऱ्यांदाही विचारतो. तिसऱ्यांदा विचारायचा धीर होत नाही. समोरच्याच्या कपाळावर आठी दिसते, आणि आपण हसून मान हलवतो. मंत्र्यांना अवघड प्रश्न विचारताना कधी माझी जीभ अडखळली नाही. पण 'परत सांग रे' एवढं शेट्येला म्हणवेना. आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्याने सूचना द्यायच्या त्या नेमक्या यंत्र त्याच्या हातात असतानाच. आम्ही ऐकायचं कशाने?

असो. बॅटरी मात्र फर्मास बसली. त्याच आठवड्यात मत्स्यखात्याच्या साहेबांची पत्रकार परिषद होती. नाटे गावच्या जेटीचं, म्हणजे बोटी लागायच्या धक्क्याचं, काम अर्धवट पडलं होतं. तिथले मच्छीमार मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून चालत येत होते. एक बाई पाय घसरून जायबंदी झाली होती. तिचा भाऊ माझ्याकडे येऊन म्हणाला होता, "काम का थांबलंय, येवढं तरी कोन सांगंल काय वो?" मी त्याला शब्द दिला होता.

मी माईक टेबलावर ठेवला, तिसऱ्या रांगेत बसलो. आवाज कसा, खणखणीत. मी विचारलं, "साहेब, नाट्याच्या जेटीचं काम का थांबलं?"

साहेब चुळबुळले. "सांगतो. पण हे ऑफ द रेकॉर्ड."

असं म्हटलं की आमच्यात शिरस्ता आहे, सगळे टेप बंद करायचे. टेबलाजवळच्या खानविलकरने स्वतःचा बंद केला आणि म्हाताऱ्याला उठायला नको म्हणून माझाही केला. मी मान खाली घालून मथळा लिहीत होतो. मला काय कळणार?

साहेबांनी मिशीपुढे हात धरला आणि पुढे वाकले. माझ्या कानात आवाज आला, संथ, सुटा-सुटा, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. "आता सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं. शर्टाचं बटण लावा."

मी चपापलो. वरचं बटण उघडं होतं खरं. लावलं.

"मागे कोण हसतंय? उभं राहा."

मी हसत नव्हतो, पण साहेब रोखून माझ्याकडेच बघत होते. उभा राहिलो. सगळ्यांनी वळून बघितलं.

"सांग बघू, मासा कुठे राहतो?"

तुम्हीच सांगा, काय वाटलं असेल? जेटीचा जाब विचारला म्हणून मत्स्यखात्याचा अधिकारी भर सभेत माझी परीक्षा घेतो?

"साहेब," मी म्हणालो, "मासा कुठे राहतो ते नाट्याच्या बायकांना जाऊन विचारा. कमरेएवढ्या पाण्यात त्याच्याबरोबरच राहतात त्या."

साहेबांचा हात मिशीवरून खाली आला. तोंड उघडं.

"शाबास," कानात आवाज आला. "आता मासा कसा पोहतो, हाताने करून दाखव."

"मी हाताने काहीही करून दाखवणार नाही!" मी वही आपटली. "आम्ही बातमीदार आहोत, बालवाडीतली पोरं नाही. हा अपमान आहे. मी बहिष्कार घालतो."

आणि निघालो. आता ज्येष्ठाने बहिष्कार म्हटलं की बाकीच्यांनी उठायचं, हाही शिरस्ताच. कारण नंतर विचारायचं. सगळे माझ्यामागून अंगणात.

"काका," खानविलकर कानाशी येऊन म्हणाला, "अगदी बरोबर केलंत. पण नक्की काय झालं?"

मी सांगणार, तेवढ्यात कानात आवाज आला, आधीपेक्षा मोठा. "डबे काढा. हात धुतले का?"

साहेब तर आत होते. मी कुंपणापलीकडे बघितलं. तिथे मूकबधिर मुलांची शाळा आहे. व्हरांड्यात पोरं डबे उघडत होती, प्रत्येकाच्या कानात माझ्यासारखंच बोंडूक. मास्तरांच्या गळ्यात माझ्यासारखाच माईक. मास्तर म्हणाले, "सावकाश जेवा." ते मला जसंच्या तसं ऐकू आलं. दोन्ही यंत्रं एकाच लहरीवर; माझा माईक आत टेबलावर मुका पडला होता आणि माझे कान शाळेत जाऊन बसले होते.

 आता नाट्याच्या जेटीचं काय? साहेब जे बोलले ते या सगळ्यांनी ऐकलं होतं, माझ्याशिवाय. ज्याने शब्द दिला त्याच्याच वहीत फक्त मथळा होता.

तेवढ्यात साहेब धावत बाहेर आले. "अहो, रागावू नका. तुमच्या भावना समजल्या. मी मघाशी बोललो ते..."

 माईक दाखवून खुलासा करावा, तर तोही आतच. म्हटलं, आता जे व्हायचं ते होवो. सगळ्यांदेखत म्हणालो, "साहेब, परत सांगा. मला ऐकू आलं नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो, आणि त्यांना ती धमकी वाटली. त्यांचा चेहरा उतरला. "ठीक आहे," ते म्हणाले, "उघड सांगतो. लिहून घ्या." आणि माझ्या पुढ्यात उभे राहून मोठ्याने बोलले. ठेकेदाराचा दगड निकृष्ट निघाला, तपासणीचा अहवाल वरच्यांच्या सांगण्यावरून दाबून ठेवलाय, आणि ते आता तो थेट मंत्रालयात पाठवणार. या वेळी ते ओरडूनच बोलत होते, त्यामुळे मला बरंचसं ऐकू आलं. उरलेलं खानविलकरच्या वहीतून घेतलं.

बातमी पहिल्या पानावर आली. संपादकांनी मला बोलावून खुर्ची दिली. "काका, 'ऐकू आलं नाही' म्हणून अधिकाऱ्याला पुन्हा बोलायला लावायचं, काय युक्ती आहे."

मला ते गिळवेना. सगळं सांगितलं, माशापासून डब्यापर्यंत.  ते जरा मोठ्याने म्हणाले, "तुम्ही कुणाचं ऐकत नाही, एवढं माहीत होतं. ऐकू येत नाही हे आज कळलं." आणि पत्रव्यवहाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या संध्याकाळी मी तावातावाने मिरजोळ्याला गेलो. यंत्रं शेट्येच्या टेबलावर आपटली. "शाळेचा आवाज येतो हे आधी सांगायला काय झालं होतं?"

शेट्येने शांतपणे बोंडकं उचलली, झाकण उघडलं आणि त्या बारीक कळेवर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघत काहीतरी समजावून सांगायला लागला. खिडकीबाहेर हात केला. बराच वेळ बोलला.

मी मान हलवली. हो, हो.