गाडीचे आठ सांधे

राजश्री पिलणकरच्या शेडमध्ये चेनपुलीखाली एकच जागा आहे. इंजिन उतरवायचं तर तिथेच. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतली ही शेड ती आणि तिचा नवरा गुणाजी वीस वर्षं चालवतायत. लेथ आणि वेल्डिंग तिच्याकडे, बोटींची इंजिनं त्याच्याकडे. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, म्हणजे इंजिनांच्या दुरुस्तीचे दिवस तेवढेच. आणि ऐन जुलैत त्या जागेवर सोळा दिवस अजिंक्यची गाडी उभी होती.

अजिंक्य गुणाजीचा भाचा, जहाजावर इंजिनियर. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. घरच्या तीन महिन्यांत त्याने जुन्या गाडीत मोठा टर्बो बसवून सहाशे घोड्यांचं इंजिन उभं केलं होतं. सहाशे घोडे घेऊन तो रत्नागिरीच्या खड्ड्यांतून कुठे जाणार, हे राजश्रीने एकदा विचारलं. "मामी, तुला नाही कळायचं," असं उत्तर आल्यावर तिने पुन्हा विचारलं नाही.

काम तसं सरळ होतं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती आधी बंपरमागच्या इंटरकूलरमधून फिरवून गार करायची. त्या वाटेवर पाईपांचे आठ सांधे येतात. ते कसे जोडायचे, एवढंच ठरत नव्हतं.

आधी सिलिकॉनची होज, म्हणजे लवचीक नळी, आणि साध्या क्लिपा. दाब तपासताना एक होज फट्दिशी निसटली. मग क्लिपा काढून बोल्टवाले रुंद क्लॅम्प. राजश्रीने आठही पाईपांच्या टोकांना होज अडकावी म्हणून उठावदार कड काढून दिली. तरी दुसरीच होज निसटली. मग अजिंक्यने फोन तिच्या नाकासमोर धरला.

"हे बघ, व्ही-बँड. दोन पाईपांच्या तोंडाला दोन फ्लँज, वरून त्यांना आवळणारा एक पट्टा. सगळे आठ सांधे असेच करू."

"आणि इंजिन हलेल तेव्हा?"

"काय होतंय?"

"इंजिन रबरावर बसलंय, ते थरथरणार. इंटरकूलर बॉडीला बोल्टाने आवळलाय, तो नाही थरथरणार. मधे सगळं कडक केलंस तर माझं वेल्डिंग फाटेल आणि तू म्हणशील मामीला वेल्डिंग येत नाही. इंटरकूलरजवळचे दोन सांधे व्ही-बँड कर, दोन्ही बाजू बॉडीलाच आहेत. बाकीचे सहा होजच राहू देत."

"या व्हिडिओत तर आठही केलेत."

"मग त्याच्याकडेच ने गाडी."

गुणाजी खाली मान घालून स्पॅनर पुसत होता. भाच्यापुढे बोलायची वेळ आली की त्याचे स्पॅनर फार मळलेले असत.

गुरुवारी सकाळी बुरोंडीहून बोटवाल्या धाकू तांडेलचा फोन आला. "वहिनी, टेम्पोत इंजिन चढवून ठेवलंय. उद्या दुपारपर्यंत सांगा. नायतर मी हर्णैला नेतो. एक तारखेला बोट पाण्यात हवी मला."

धाकू एकटा गेला असता तर तिने सोसलं असतं. पण बुरोंडीत इंजिन कुठे न्यायचं हे सगळे त्यालाच विचारून ठरवतात. तो हर्णैला गेला की बाकीच्या बोटी त्याच्या मागोमाग, आणि पुढचा पावसाळा ही दोघं शेडमध्ये माशा मारणार. तिकडे अजिंक्य सोमवारी जहाजावर निघणार. गाडी अर्धवट राहिली तर ती नऊ महिने चेनपुलीखालीच.

तिने दुपारपर्यंत दोन व्ही-बँड वेल्ड करून दिले. गुणाजीने बाकीच्या होज चढवल्या, क्लॅम्प आवळले. दोन्ही टोकं बंद करून कॉम्प्रेसरची हवा सोडली. काटा वीस पौंडांवर गेला, पंचवीसवर गेला, आणि फट्! सहावी होज उडून अजिंक्यच्या पोटरीवर बसली.

"सांगत होतो! आठही व्ही-बँड!" एका पायावर नाचत तो ओरडला.

"गप रे," म्हणत राजश्रीने होज उचलली. क्लॅम्प चांगला आवळलेला होता. तरीही कडेवरून ओढून सुटली तर निदान ओरखडा तरी हवा. ओरखडा नव्हता. उलट होज आतून चकाकत होती. तिने बोट फिरवलं, नाकाशी नेलं. खोबरेल.

डोक्याला तर तिने रविवारपासून तेल लावलं नव्हतं.

"अहो, याला तेल कोणी लावलं?"

"मीच," गुणाजी म्हणाला. "होज कोरडी सरकते काय? चिमूटभरच."

"सगळ्या होजना? पहिल्या दिवसापासून?"

"अगो, नेहमी लावतो तसंच. खाऱ्या हवेत पाईपाला चिकटून बसते नायतर. ग्रीसने रबर फुगतं, म्हणून खोबरेल. तीस वर्षं लावतोय, एक तरी होज निसटली काय?"

"त्या पाण्याच्या होज! बोटीत पाणी नुसतं वाहतं, त्याला जोर कितीसा? इथे तीस पौंडांची हवा आहे. आम्ही दोघं सोळा दिवस क्लिप की क्लॅम्प, क्लॅम्प की बँड करून घसा फोडतोय, आणि तुम्ही बाजूला बसून शांतपणे तेल चोपडताय!"

"मला कोणी विचारलं नाय," गुणाजी म्हणाला. हे खरंच होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

सहाही होज उतरवून तिने पाईप आणि होज स्पिरिटने पुसून घेतले, तीन-तीन वेळा. कोरडी होज चढेना. घामाघूम होऊन तिघांनी एकेक चढवली. शुक्रवारी सकाळी पुन्हा हवा सोडली. तीस पौंड. दहा मिनिटं. काटा जागचा हलला नाही.

राजश्री स्टुलावर बसली. अजिंक्य गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"मामी, टिकलं ग."

"टिकलं."

"आता टिकतंयच, तर ते विमानात असतात तसले झटपट उघडणारे कपलिंग मागवू या का? होज नकोच मग. रविवारी येतील. मी जाईन जहाजावर, मामा सावकाश बसवेल."

राजश्रीने त्याच्याकडे पाहत फोन उचलला. "धाकूदादा, या घेऊन. जागा झाली."

"कुठे झाली?" अजिंक्य म्हणाला. "गाडी आहे ना अजून!"

"दोन तासांत नसेल. बॉनेट बसव आणि चालवत घरी ने."

"अगो, भाचा आहे तो," गुणाजी पुटपुटला.

"म्हणूनच सोळा दिवस ठेवली."

अजिंक्य जाताना नमस्कार न करता गेला. गाडी फाटकातून वळली तेव्हा आवाज इतका मोठा झाला की शेजारच्या बर्फाच्या कारखान्यातली माणसं बाहेर आली. गुणाजी चढावापर्यंत बघत राहिला. त्याच्या तोंडावरचं कौतुक त्याला लपवता आलं नाही.

साडेबाराला टेम्पो मागे मागे आत आला. धाकू उतरल्या उतरल्या म्हणाला, "दोन दिवस फुकट गेले माझे."

"चहा घेणार की भांडणार?"

"आधी इंजिन उतरवा."

चेन खाली आली, इंजिन वर उचललं गेलं, लाकडांवर टेकलं. राजश्रीने पहिल्याच बोल्टाला पाना लावून जोर दिला. खाऱ्या पाण्याने खाल्लेला बोल्ट गळ्यातून कट्कन तुटला. दात आवळून ती आत अडकलेल्या तुकड्यासाठी ड्रिल शोधायला वळली.